एक शब्द, अनेक अर्थ

अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ या गावी एका शेतात घट मांडले जातात. हे गाव जळगाव जामोद तालुक्यात आहे. घटाच्या मध्यभागी खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळे ठेवतात व त्यांवर पाण्याने भरलेली घागर ठेवतात. सभोवती अठरा प्रकारची धान्ये मांडतात. चार ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. दुसऱ्या दिवशी पहाटे या मांडणीचे निरीक्षण होते आणि येत्या वर्षाचे भाकीत सांगितले जाते. ते ऐकण्यासाठी दूरदूरचे शेतकरी तेथे जमतात.

या भाकिताला शास्त्रीय आधार नाही. तथापि, ते ज्या शब्दांत सांगितले जाते, ते शब्द लक्षात घेण्यासारखे आहेत. पाऊस कमी, साधारण, चांगला, भरपूर किंवा लहरी होईल, असे तेथे सांगतात. ‘साधारण’ हा शब्द कानी पडताच शेतकरी समजतो की, पाऊस बेताचाच होणार. त्यावर फार विसंबून चालणार नाही.

त्याच सुमारास आणखी एक अंदाज प्रसिद्ध होतो. तो 1875 साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाचा. समजा, त्या इंग्रजी अंदाजात पाऊस ‘नॉर्मल’ होईल, असे म्हटले आहे. भाषांतरकार शब्दकोश उघडतो. तेथे ‘नेहमीचा’, ‘सामान्य’, ‘साधारण’ असे अर्थ दिलेले असतात. तो ‘साधारण’ हा शब्द निवडतो. शब्दकोशाच्या दृष्टीने त्याची चूक झालेली नाही. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने फार मोठी चूक झाली आहे.

हवामानशास्त्रात ‘नॉर्मल’ या शब्दाला नेमका अर्थ आहे. 1971 ते 2020 या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून जून ते सप्टेंबर या काळातील देशाच्या पावसाची सरासरी 87 सेंटिमीटर धरली आहे. या सरासरीच्या 96 ते 104 टक्के पाऊस म्हणजे ‘नॉर्मल’ पाऊस. देशाच्या दृष्टीने ही आनंदाची वार्ता होय. ‘साधारण’ म्हणताच त्या आनंदाच्या वार्तेची चिंतेची वार्ता होते. म्हणून येथे ‘सरासरीइतका’ हाच शब्द योग्य ठरतो. शिवाय ही सरासरी साऱ्या देशाची आहे. घाटावरच्या चिखलीत आणि घाटाखालच्या शेगावात ती सारखीच उतरेल, असे नाही.

असा घोटाळा का होतो? कारण बोलण्यात रोज येणारे शब्द बहुधा एकाच अर्थाचे नसतात. मराठीतच पाहावे. खेड्यातील आजी म्हणते, “पाणी आले.” तेव्हा पाऊस आलेला असतो. शहरातील गृहिणी तेच म्हणते, तेव्हा नळ सुरू झालेला असतो. डोळ्यांत पाणी येते, तेव्हा अर्थ आणखी निराळा. “दिवस मावळला” म्हणजे सूर्य मावळला. “आभाळ आले” असे म्हटल्यावर आकाश कोठून आले, असे कोणी विचारीत नाही. कारण आभाळ म्हणजे येथे ढग. ‘आभाळ’ हा शब्द ‘अभ्र’ या संस्कृत शब्दावरून आला आणि अभ्र म्हणजे मेघच. मौजेची गोष्ट अशी की, इंग्रजीतील आकाशवाचक ‘स्काय’ हा शब्दही उत्तर युरोपातील एका जुन्या भाषेतून आला आणि तेथेही त्याचा अर्थ ढग असाच होता.

शेजारी नांदणाऱ्या भाषांनाही ही अडचण चुकलेली नाही. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये केवळ एक अरुंद खाडी आहे. तरीही इंग्रजीतील ‘हेवी’ पाऊस फ्रेंच भाषेत नेताना भाषांतरकाराला थांबावे लागते. ‘हेवी’ म्हणजे जड. त्याला फ्रेंच शब्द ‘लूर’. परंतु फ्रेंच माणूस हवेला ‘लूर’ म्हणतो, तेव्हा ती कोंदट व उकाड्याची असते. मोठ्या पावसाला तो ‘फोर’ म्हणजे जोरदार असे म्हणतो. मराठी माणूसही जड पाऊस म्हणत नाही. तो मुसळधार पाऊस म्हणतो.

इंग्रजीतील ‘फेअर’ हा शब्द तर बहुरूपीच आहे. हवा ‘फेअर’ असेल तर ती स्वच्छ, न्याय ‘फेअर’ असेल तर तो निःपक्षपाती, वर्ण ‘फेअर’ असेल तर तो गोरा. आणि गावात ‘फेअर’ भरली असेल तर ती जत्रा! फ्रेंचमध्ये यांतील हवेला, न्यायाला व जत्रेला तीन निरनिराळे शब्द लागतात. उलट, फ्रेंचमधील ‘ताँ’ या एकाच शब्दाचे काळ आणि हवा असे दोन अर्थ होतात. हे ऐकून नवल वाटेल. पण पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा या मराठी शब्दांच्या पोटातही ‘काळ’च दडलेला आहे.

म्हणून भाषांतर करताना केवळ शब्द पाहून भागत नाही. तो शब्द कोण बोलतो, कोणाला उद्देशून बोलतो आणि कशाविषयी बोलतो, हेही पाहावे लागते.

काही शब्दांना तर दुसऱ्या भाषेत जोडीदारच सापडत नाही. काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर माती चिखलासारखी राहत नाही व कोरडीही होत नाही. पेरणीला अगदी योग्य अशी ओल तिच्यात असते. या अवस्थेला शेतकरी ‘वाफसा’ म्हणतो. इंग्रजीत हा अर्थ सांगण्यास एक वाक्य खर्ची घालावे लागते. भाषांतरकाराने तो कंटाळा करू नये.

कारण येथे प्रश्न केवळ शब्दाचा नसतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. एका सरीलाच कोणी ‘चांगला पाऊस’ म्हटले आणि त्या भरवशावर बियाणे मातीत गेले, तर पुढे उघडीप पडताच कोंब करपतात. मग पुन्हा बियाणे आणावे लागते आणि दुबार पेरणी करावी लागते. शब्द चुकला तर तो खोडून दुसरा लिहिता येतो. मातीत पडलेले बी मात्र पुन्हा वेचून घेता येत नाही.

स्वाध्याय

1. ‘नॉर्मल’ पावसाला ‘साधारण’ पाऊस म्हटल्यास कोणता गैरसमज होतो?
2. ‘पाणी’, ‘दिवस’ व ‘हवा’ हे शब्द प्रत्येकी दोन निरनिराळ्या अर्थांनी वाक्यांत योजा.
3. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पावसाच्या निरनिराळ्या प्रकारांचे पाच शब्द मिळवा व त्यांतील भेद लिहा.