चिखलाच्या भरवशावर रीफ टँक

रीफ टँकला, म्हणजे प्रवाळाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला, स्किमर लागतोच असं नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून मी चिखलाचा वैरी आहे असं वाटेल. न्यू जर्सीतल्या आमच्या बेसमेंटमधली ७५ गॅलनची टाकी बराच काळ स्किमरशिवाय उत्तम चालली. खाली संपमध्ये, म्हणजे जोडटाकीत, चिखलाचा थर, त्यात माजलेलं कॉलर्पा शेवाळ आणि त्यावर चोवीस तास दिवा. १९९० च्या दशकात लेंग सी यांनी अमेरिकेत लोकप्रिय केलेली ही पद्धत. मशीनची घरघर नाही, घाण वासाचा कप धुणं नाही. मऊ प्रवाळ छान फुलले होते.

चिखलवाले आणि स्किमरवाले भांडतात ते बहुतेक चुकीच्या मुद्द्यावर. डाळ शिजताना वर येणारा फेस आपण पळीने काढून टाकतो ना, स्किमर तेच करतो. बारीक बुडबुड्यांना चिकटलेला सेंद्रिय मळ तो सडण्याआधीच बाहेर काढतो. चिखलाचं काम सुरू होतं मळ कुजल्यावर. वरच्या थरातले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, खालच्या प्राणवायू नसलेल्या थरातले नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. नायट्रोजनला अशी वाट मिळते, फॉस्फेटला मिळत नाही, कारण त्याचा वायू होत नाही. ते चिखलात साठतं किंवा शेवाळात शिरतं. म्हणजे चिखलाच्या पद्धतीत फॉस्फेट टाकीतून खरोखर बाहेर जातं ते तुम्ही कात्रीने शेवाळ कापून फेकता तेव्हाच. चिखलाची पिशवी विकणारा हे फारसं बोलत नाही.

आमच्याकडे ती कात्री गणपतीच्या दिवसांत थांबली. मंडळाच्या तालमी, पाहुणे, प्रसाद. बेसमेंटमध्ये कोणी फिरकलं नाही. संपवरचा दिवा त्याच दिवसांत उडाला. एका सकाळी मुलगा खालून ओरडला, "बाबा, पाणी हिरवं झालंय!" कॉलर्पाचा अख्खा पसारा पांढरा, पारदर्शक पडला होता. पिवळा टँग मासा तळाशी मेलेला आणि क्लाउनफिश पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकत होते.

कॉलर्पाचं एवढं मोठं पसरलेलं रोप ही एकच पेशी असते. त्याला प्रजननाची लहर आली की ती आपला सगळा ऐवज बीजपेशींच्या रूपात पाण्यात ओतते आणि स्वतः मरते. तोपर्यंत साठवलेलं सगळं पाण्यात परत येतं आणि ते कुजताना प्राणवायू ओढून घेतं. २६ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात मुळात प्राणवायू असतो लिटरला जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम. स्किमर असता तर मळ काढला असताच, शिवाय रात्रभर पाण्यात हवा घुसळत राहिला असता. हे त्याचं दुसरं काम, आणि तो काढून टाकताना नेमकं तेच विसरलं जातं. आमचे उरलेले मासे वाचले ते एअर पंपामुळे, ताज्या सक्रिय कार्बनमुळे आणि बादलीत आधीच कालवून ठेवलेल्या खाऱ्या पाण्यामुळे.

तेव्हा स्किमर काढायचाच असेल तर आधी हवेची सोय बघा. पृष्ठभाग सतत हलता हवा, आणि वीज गेल्यावर आपोआप चालू होणारा बॅटरीचा एअर पंप जवळ हवा. कॉलर्पाऐवजी कीटोमॉर्फा हे शेवाळ घ्या. ते असं एका रात्रीत दगा देत नाही, आणि दिवसभर अंधारात ठेवलं तरी चालतं. त्याचा दिवा रात्री लावलात तर टाकीचा पीएच पहाटे घसरत नाही, हा वरचा फायदा. शेवाळ नियमित कापा, माशांना खाणं हात राखून घाला, फॉस्फेट मोजत राहा. पाणी पिवळट दिसू लागलं की कार्बन बदला. जुना चिखल थोडा थोडा करून बदलावा. सगळा एकदम उपसलात तर जिवाणूही जातात. खालून सडक्या अंड्याचा वास आला तर चिखल ढवळू नका.

कापलेलं कॉलर्पा गटारात किंवा ओढ्यात टाकू नका. २००० साली सॅन दिएगोच्या उत्तरेला कार्ल्सबाडच्या खाजणात याच कुळातलं टॅक्सिफोलिया सापडलं. ताडपत्र्या अंथरून, खाली क्लोरीन सोडून ते मारावं लागलं, आणि ते संपल्याचं जाहीर व्हायला २००६ उजाडलं. कॅलिफोर्नियाने २००१ मध्येच कॉलर्पाच्या नऊ जातींवर बंदी घातली. शेवाळ वाळवून कचऱ्यात टाकणं सोपं आहे.

मुंबई-पुण्यातल्या हौशी मंडळींसाठी दोन गोष्टी. फुकट मिळतो म्हणून खाडीतला चिखल उचलून आणू नका. त्यात सांडपाणी आणि कारखान्यांचे जड धातू असू शकतात. आणि कठीण प्रवाळ भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानदार काहीही म्हणो, ते घरी आणायचे नाहीत.

स्किमरवाल्यांनीही फार तोरा मिरवू नये. पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मोजमाप केलं, तेव्हा पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी २० ते ३० टक्केच स्किमरने निघत होता. बाकीचं जिवाणू, शेवाळ आणि पाणी बदलणारा माणूसच निस्तरतो.

आमच्या संपमध्ये आता चिखल आहे, कीटोमॉर्फा आहे आणि एक लहान स्किमरही आहे. नवी टाकी मांडत असाल तर पहिलं वर्ष स्किमर चालू ठेवा. चिखल हवा तर जोडीला घाला, त्याच्या जागी नको.