पळवून नेणे आणि डांबून ठेवणे : कायदा काय सांगतो?

मुलगी आपल्या मर्जीने घर सोडून गेली की 'पळवून नेली' अशी फिर्याद होते. उचल फिटली नाही म्हणून मुकादमाने मजुराला डांबले, तर मात्र फिर्याद द्यायला कोणी पुढे येत नाही. दोन्ही प्रसंगी कायद्याचे अज्ञानच आपल्याला भोवते. म्हणून या विषयाची मूलतत्त्वे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

१८६० च्या भारतीय दंड संहितेऐवजी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. खालील कलमे या नव्या संहितेची आहेत.

१) डांबून ठेवणे (कलम १२७) : माणसाला ठराविक हद्दीबाहेर कोणत्याही बाजूने जाऊ न देणे म्हणजे गैरपरिरोध. कुलूपच हवे असे नाही. दाराशी शस्त्रधारी बसवून धमकावले तरी गुन्हा होतो. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तीन दिवस वा अधिक डांबल्यास तीन वर्षांपर्यंत आणि दहा दिवस वा अधिक डांबल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'माझे पैसे येणे आहेत' हा बचाव होऊ शकत नाही. वेठबिगारी तर १९७६ च्या कायद्यानेच रद्द झालेली आहे.

२) अपनयन (कलम १३७) : १८ वर्षांखालील मुलाला वा मुलीला पालकाच्या संमतीविना त्याच्या ताब्यातून नेणे किंवा फूस लावणे. येथे मुलाची स्वतःची संमती धरली जात नाही. पूर्वी मुलग्यासाठी ही मर्यादा १६ वर्षे होती. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद व दंड. भीक मागवण्यासाठी मूल पळवल्यास कलम १३९ प्रमाणे किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे.

३) अपहरण (कलम १३८) : कोणत्याही वयाच्या व्यक्तीला बळाने किंवा फसवून एखाद्या ठिकाणाहून जायला लावणे. नुसत्या अपहरणाला वेगळी शिक्षा नाही. खून, खंडणी, सक्तीचा विवाह असा हेतू असेल तर शिक्षा होते.

विद्यार्थ्यांनी तीन निकाल ध्यानात ठेवावेत. वरदराजन खटल्यात (१९६४) सर्वोच्च न्यायालयाने 'नेणे' आणि 'सोबत येऊ देणे' यांत फरक केला. सज्ञान होण्याच्या बेतात असलेली, समजत्या वयाची मुलगी आपणहून निघून आली होती, आरोपी सुटला. राजाराम खटल्यात (१९७३) मात्र अल्पवयीन मुलीचे मन वळवून तिला तयार करणे हेही गुन्ह्यास पुरेसे ठरले. लता सिंग खटल्यात (२००६) सज्ञान मुलीने आंतरजातीय विवाह केला होता. भावाच्या तक्रारीवरून पतीच्या नातेवाइकांना तुरुंगात जावे लागले. न्यायालयाने तो खटला रद्द केला आणि अशा जोडप्यांना पोलिसांनी संरक्षण द्यावे असे बजावले.

तेव्हा सर्वप्रथम वयाचा पुरावा, म्हणजे जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, जवळ ठेवावा. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ठाण्यात नोंद न घेतल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे. डांबलेल्या माणसाच्या शोधासाठी दंडाधिकारी वॉरंट काढू शकतात (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १००). उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ आणि सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद ३२ खाली बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येतो. हा अनुच्छेद ३२ म्हणजे संविधानाचा आत्मा, असे बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले होते.

आपल्या वस्तीतील एक तरी तरुण ही कलमे समजून घेईल आणि अडल्या-नडल्या माणसाबरोबर ठाण्याची पायरी चढेल, तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.