घटपर्णीला नाव देण्याआधी

लातूरच्या बोअरचं पाणी घटपर्णीला घालू नका. जड पाण्यातले क्षार कुंडीत साठत जातात, पानांच्या कडा करपतात आणि टोकाला घट धरेनासे होतात. नांदेडच्या एका स्नेह्यांचं हिरवंगार झाड असंच गेलेलं मी पाहिलं. ते आरओचंच पाणी घालत होते. पण बऱ्याच घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. टीडीएस मीटर घ्या, आकडा पन्नासच्या आत असेल तरच ते पाणी वापरा. सगळ्यात चांगलं पावसाचं. पहिल्या सरींनी पत्रे धुऊन निघू द्या, मग टाकी भरून झाकून ठेवा. काळी माती, शेणखत, युरिया यातलं काही नको. धुतलेलं कोकोपीट आणि पर्लाइट पुरतं. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत घट वाळतात, तेव्हा हिरव्या नेटखाली ठेवून सकाळ-संध्याकाळ फवारा द्या.

एवढं सांभाळलं की झाड जगतं. त्याची ओळख मात्र त्याहून लवकर हरवते, आणि मला खरी कळकळ आहे ती तिची.

नर्सरीतून ‘अलाटा’ म्हणून आलेलं माझं रोप व्हेंट्राटा निघालं. हा फिलिपाइन्समधला संकर. त्याचा एक पालक व्हेंट्रिकोसा. दुसरा अलाटा समजला जायचा. २०१३ मध्ये अभ्यासकांनी अलाटा गटाची फेरमांडणी केली, तेव्हा तो ग्रॅसिलिफ्लोरा ठरला. म्हणून नावाबरोबर रोप कुठून, कधी आणलं तेही लिहून ठेवा. भारताची स्वतःची जात एकच, मेघालयातली खासियाना. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. ती जंगलातून उपटलेली नको, रोपवाटिकेत वाढवलेलीच घ्या.

संकर करायचा तर नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि दोन्ही एकाच वेळी फुलतील याचा भरवसा नाही. पराग कोरडे करून फ्रीजमध्ये ठेवा. बी ताजंच पेरा. नोंदीत आधी मादीचं नाव, मग गुणिलेची खूण, मग नराचं.

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं एनएचएच-४४ आपल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं पेरलं. बीएन-१ आणि एसी-७३८ हे त्याचे पालक नोंदलेले आहेत, आणि संकरित सरकी राखून पेरली तर तसंच पीक येत नाही हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. घटपर्णीच्या बाबतीत हेच विसरलं जातं. संकराच्या एकाच बोंडातली रोपं सारखी निघत नाहीत. त्यातलं एखादंच निवडून, वाढवून, पारखून त्याला वाणाचं नाव द्यायचं. मग ते नाव त्या झाडाचं आणि त्याच्या कलमांचं. त्याच्या बियांपासून आलेल्या रोपांना ते लावणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

वाणांच्या नावांची नोंद १९९८ पासून इंटरनॅशनल कार्निव्होरस प्लांट सोसायटी करते. वर्णन आणि फोटो लागतात. १९५९ पासून वाणाला लॅटिन धाटणीचं नवं नाव चालत नाही. ‘मांजरा’ किंवा ‘गोदावरी’ खुशाल द्या, आधी कुणी दिलेलं नाही ना एवढं पाहून.

लेबलवर पेन्सिलीनेच लिहा, आपल्या उन्हात मार्करची शाई उडते. कलम कुणाला दिलंत तर लेबलची नक्कलही द्या. नर कोणता याची खात्री नसेल, तर त्या जागी प्रश्नचिन्ह राहू द्या.