मुलांसाठी लिंबाचे एक झाड



मुलांना निसर्ग कुठे दाखवावा, हा प्रश्न आपल्या आजी-आजोबांना कधी पडला नाही. केळीची वाडी, पानवेल, बावखल सारे दाराशीच होते. आज कित्येक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती स्थापन झाली आणि तिने या हिरवाईसाठी मोठा लढा दिला. पण जे मुलांनी जवळून पाहिलेच नाही, ते वाचवायला उद्या ती का धावतील?

ठाण्याजवळ ओवळा येथे राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या वाडीत फुलपाखरांचे उद्यान फुलवले आहे. तिथे फुलपाखरे कोंडलेली नाहीत. ती आपणहून येतात. फुलपाखराला मधासाठी फुले लागतात, पण अंडी घालण्यासाठी ठरावीक झाडच लागते. काही फुलपाखरांना लिंबू व कढीपत्ता, काहींना रुई, तर काहींना कण्हेर. फुलझाडे तर आपण लावतोच; पाने खाणाऱ्या अळीला मात्र आपण औषध मारतो आणि मग फुलपाखरे दिसत नाहीत म्हणून हळहळतो.

वाडी नसेल तर गॅलरीतील कुंडीही चालेल. लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे रोप लावा, शेजारी झेंडू, सदाफुली लावा. कीटकनाशक मारू नका. लिंबावरची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे ती हिरवी होते. डिवचल्यास डोक्यामागून शिंगासारखा अवयव काढून उग्र वास सोडते. मुलांना ती मारू देऊ नका. रोज पाहू द्या आणि वहीत तारीख घालून लिहू द्या. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिनाभरात पुरा होतो. काही अळ्या पक्षी खातील, तेही मुलांना कळू द्या.

ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोबीच्या पानांवरील अळ्यांचे असेच निरीक्षण नोंदवले होते. त्याच्या ग्रीक भाषेत आत्मा आणि फुलपाखरू यांना एकच शब्द आहे, ‘प्सिखे’. तत्त्वज्ञानाचा आरंभ आश्चर्यात होतो, असेही तो मानत असे. मुलांजवळ हे आश्चर्य उपजतच असते. ‘शी, घाण!’ असे आपण पहिल्यांदा म्हणतो, तेव्हा ते विझू लागते.

म्हणून पालकांनो, या पावसाळ्यात एक रोप लावा आणि त्याची कुरतडलेली पाने तशीच राहू द्या. धर्मशिक्षण वर्गातील मुलांनी आपल्या नोंदवह्या रविवारी जरूर घेऊन याव्यात. आम्हालाही त्या वाचायच्या आहेत.

आपले धर्मगुरू