आगोटीपूर्वी गोठ्याची राखण



मुळशी खोऱ्यातील शेतकऱ्याचे वर्ष मृगापासून चालू होते. पौडापासून ताम्हिणीच्या घाटापर्यंत पाऊस एकदा कोसळू लागला म्हणजे चिखलणी व भाताची लावणी हीच कामे डोळ्यांपुढे असतात. नेमक्या त्याच दिवसांत गोठ्यातील धष्टपुष्ट बैल किंवा दुभती म्हैस सायंकाळी वैरण सोडते आणि दुसऱ्या दिवशी मरून पडते. तिच्याबरोबर त्या घरचे दूध जाते, शेण जाते, व पुष्कळ वेळा कर्ज मात्र मागे राहते. असे झाले म्हणजे कोणी दृष्ट लागली म्हणतो, कोणी करणी म्हणतो. परंतु ह्या मृत्यूची कारणे ठाऊक आहेत आणि त्यांतील बहुतेक आधी टाळता येतात. ती कशी टाळावी हे ह्या पाठात सांगितले आहे. उपदेशक व शिक्षकबंधूंनी हा पाठ वैशाखातच मंडळीस वाचून दाखवावा. आषाढात वाचल्यास त्याचा उपयोग थोडाच होईल.

१. घटसर्प

हा रोग पाश्चुरेला नावाच्या अतिसूक्ष्म जंतूपासून होतो. कित्येक निरोगी दिसणाऱ्या जनावरांच्या घशात हा जंतू निमूटपणे वास करून असतो. उन्हाळ्यातील अपुऱ्या वैरणीने जनावर खंगते, मग एकाएकी पाऊस पडतो, ते भिजते, गारठते, आणि तशातच त्यास औताला जुंपले जाते. अंगातील जोम कमी झाला की जंतूस जोर चढतो. एका जनावराच्या लाळेने ओली झालेली वैरण व पाणी ह्यांतून तो दुसऱ्यास लागतो. गाई-बैलांपेक्षा म्हशींस ह्याची बाधा अधिक होते.

लक्षणे अशी: ताप १०५ ते १०६ अंशांपर्यंत चढतो (निरोगी गाईचे तपमान सुमारे १०१ ते १०२ अंश असते), जनावर रवंथ सोडते, तोंडातून लाळ गळते, गळ्याखाली व पोळीस गरम, दुखरी सूज येते, श्वास घेताना घरघर असा आवाज होतो. पुष्कळ जनावरे एका दिवसात किंवा दोन दिवसांत दगावतात. औषध आहे, परंतु ते पहिल्या काही तासांतच गुण देते. घरघर लागल्यावर दवाखान्याची वाट धरणे म्हणजे घर जळू लागल्यावर विहीर खणणे होय.

२. फऱ्या

हा रोग बहुधा सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंतच्या तरण्या, चांगल्या पोसलेल्या गुरांस होतो. म्हणूनच धन्यास तो विशेष झोंबतो. कारण गोठ्यातील उत्तम खोंड त्यात जातो. जनावर एकाएकी लंगडू लागते. फऱ्यावर किंवा मांडीवर सूज येते, आणि ती दाबली असता आत वायू भरल्यामुळे करकर असा आवाज येतो. ह्याचा जंतू जमिनीत बीजरूपाने वर्षानुवर्षे टिकतो व गवताबरोबर पोटात जातो. ज्या कुरणात एकदा फऱ्या झाला, तेथे पुढेही तो होण्याचे भय असते. ह्याचेही औषध अगदी प्रारंभीच केले तर चालते.

सुजेवर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. ह्या दोन्ही रोगांत डागाने जंतू मरत नाही. मात्र जनावरास नवी जखम होते आणि जो अर्धा दिवस उपचारास मिळाला असता तो निघून जातो. तशीच दुसरी घातक चाल म्हणजे घसा सुजलेल्या जनावराची मान वर करून बांबूच्या नळ्याने काढा पाजणे. त्यास गिळता येत नसल्यामुळे काढा श्वासनलिकेत उतरतो, आणि रोगाने मरण्यापूर्वीच ते गुदमरून मरते.

३. लस केव्हा टोचावी

घटसर्प व फऱ्या ह्या दोहोंवर लस आहे. सहा महिन्यांपुढील प्रत्येक जनावरास ती दर वर्षी पावसाळ्यापूर्वी द्यावी. येथे एक गोष्ट नीट ध्यानात धरिली पाहिजे. लस म्हणजे औषध नव्हे. ती टोचल्यावर जनावराच्या शरीरास रोगाशी झुंजण्याची तयारी करावयास दोन ते तीन आठवडे लागतात. मृग साधारणपणे ७ किंवा ८ जूनला लागतो. तेव्हा मे महिन्याच्या मध्यापर्यंत टोचणी उरकलेली असावी. शेजारच्या गोठ्यात जनावर मेल्यावर धावत जाऊन टोचून घेतले, तर मधले दिवस उघडेच राहतात.

कित्येक जण म्हणतात, "टोचल्यावर म्हैस दूध कमी देते, गाठ येते, म्हणून आम्हांस टोचणी नको." हे म्हणणे अगदीच खोटे नाही. एक-दोन दिवस दूध घटते, थोडा ताप येतो, टोचलेल्या जागी गाठ येऊ शकते. पण दोन दिवसांचे दूध एका पारड्यात आणि सबंध म्हैस दुसऱ्या पारड्यात घालून पाहावे. टोचल्यावर बैलास चार-पाच दिवस कामास जुंपू नये. आजारी जनावरास टोचू नये, आणि गाभण जनावराविषयी पशुवैद्यांस आधी सांगावे. लस बर्फात ठेविलेली असावी; उन्हात तापलेल्या लशीने पैसा व श्रम दोन्ही वाया जातात.

लाळ्या-खुरकूत रोगाची लस दर सहा महिन्यांनी द्यावयाची असते. वासरास ती चौथ्या महिन्यापासून चालू करितात. सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्या ह्यांस, जन्मातून एकदाच देतात. हे दोन्ही रोग आटोक्यात आणण्यासाठी सन २०१९ मध्ये देशभर सरकारी मोहीम सुरू झाली. कानात बारा अंकी बिल्ला मारून जनावराची नोंद होते ती ह्याच कामासाठी. शेळ्या-मेंढ्यांस पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस द्यावी. कोवळे गवत अधाशीपणाने खाल्ल्यावर त्या पटापट मरतात त्या बहुधा ह्याच रोगाने.

४. भातखाचरे व पर्णकृमी

आपल्या खोऱ्यात भातखाचरे, ओढे व धरणाचा काठ ह्यांमुळे ओल वर्षातील बराच काळ टिकते. अशा ओलीत लहान गोगलगाई वाढतात. जनावराच्या यकृतात राहणाऱ्या पानासारख्या चपट्या कृमींची अंडी शेणावाटे पाण्यात पडतात. त्यांतून निघालेले जीव गोगलगाईच्या अंगात वाढतात, मग बाहेर पडून पाण्याकाठच्या गवतास चिकटतात, आणि ते गवत खाल्ले की पुन्हा जनावराच्या यकृतात जातात. ह्यांस पर्णकृमी म्हणतात. जनावर खाते पण अंगी लागत नाही, डोळ्यांच्या आतील कातडी फिकी पडते, हगवण लागते, जबड्याखाली पाण्याची सूज उतरते.

ही सूज व घटसर्पाची सूज ह्यांत गल्लत होऊ नये. घटसर्पाची सूज एकाएकी येते, हातास गरम लागते, दुखते व ताप असतो. पर्णकृमींची सूज हळूहळू येते, थंड व मऊ असते आणि ताप नसतो. पहिलीस तासांचा हिशेब आहे, दुसरीस दिवसांचा. तरी उपाय दोहोंसही हवा.

पर्णकृमींसाठी पावसाळ्यापूर्वी व पावसाळा सरल्यावर शेण तपासून, पशुवैद्य सांगतील ते औषध जनावराच्या वजनाप्रमाणे द्यावे. खाचराच्या बांधावरील बुडालेले गवत व तळ्याच्या काठचा ओला चारा टाळावा. भाताचा पेंढा चांगला वाळवून, काही महिने साठवूनच घालावा. पाणी डबक्यावर न पाजता विहिरीचे किंवा नळाचे टाकीत भरून पाजावे.

५. माशी, गोचीड व घोडी

पाऊस उघडला की माशा, डास व गोचीड वाढतात. अंगावर गाठी आणणारा लंपी रोग ह्यांच्याच द्वारे पसरतो. हा रोग भारतात प्रथम सन २०१९ मध्ये ओडिशात आढळला, आणि सन २०२२ मध्ये महाराष्ट्रात त्याने पुष्कळ गुरे नेली. त्या वेळी शेळ्यांच्या देवीची लस गुरांस टोचून साथ आवरण्यात आली. हा रोग माणसास होत नाही. गोठ्यात शेण साचू न देणे, मूत वाहून जाण्यास चर काढणे, भिंतींच्या भेगा बुजविणे, ही कामे बिनखर्चाची असून अनेक रोगांचे मूळ तोडणारी आहेत.

धनगर बांधव आपले बिऱ्हाड घोड्यांवर लादून फिरतात. घोड्यास धनुर्वाताचे भय सर्व जनावरांहून अधिक असते. खुरात घुसलेला एक गंजका खिळाही त्यास पुरतो. म्हणून रोज खूर तपासावे व धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. घोडमाश्यांच्या दंशाने सर्रा नावाचा रोग होतो. ताप येतो-जातो, अंग सुकते व पाय सुजतात. त्याचा जंतू ग्रिफिथ एव्हान्स ह्या पशुवैद्याने सन १८८० मध्ये ह्याच उपखंडात शोधून काढिला. घोड्याच्या नाकातून चिकट पू वाहू लागला व अंगावर फुटणाऱ्या गाठी आल्या तर शेंबा रोगाची शंका धरावी. हा रोग माणसासही लागतो व प्राण घेतो. अशा घोड्यास वेगळे बांधून, त्याचा पू आपल्या अंगास लागू न देता, ताबडतोब वर्दी द्यावी.

६. मेलेल्या जनावराचे काय करावे

मेलेले जनावर ओढ्यात किंवा दरीत टाकू नये. आपल्या डोंगराळ मुलखात वरच्या वाडीचा ओढा खालच्या वाडीचे पिण्याचे पाणी असतो. पाण्यापासून दूर, निदान सहा फूट खोल खड्ड्यात ते पुरावे व वर काटेरी कुंपण घालावे. त्याची उरलेली वैरण जाळावी.

जनावर एकाएकी मेले आणि नाकातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त आले, तर ती फाशी समजावी. अशा जनावरास मुळीच फाडू नये, त्याचे कातडे काढू नये, मांस खाऊ नये. फाशीच्या जंतूस हवा लागली की तो कठीण कवचाचे बीज बनून त्या जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहतो. माणसास हाच रोग काळपुळीच्या रूपाने होतो. कातड्याच्या चार पैशांसाठी कोणीही आपला जीव धोक्यात घालू नये, व दुसऱ्यासही तसे करू देऊ नये.

७. बुळकांडीचा धडा

इतके करूनही रोग हटतो काय, असे विचारणाऱ्यास बुळकांडीची गोष्ट सांगावी. हा रोग एके काळी गावेच्या गावे बैलांवाचून ओस करीत असे. त्याचा व इतर पशुरोगांचा अभ्यास करण्यासाठी सरकारने सन १८८९ मध्ये आपल्या पुण्यातच एक जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा उघडिली. डॉक्टर आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. असे भयंकर जंतू भरवस्तीत ठेवणे बरे नव्हे म्हणून सन १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे नेली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. पुढे लस तयार झाली, सन १९५४ पासून देशभर टोचणी चालली, आणि भारतात बुळकांडीचे शेवटचे जनावर सन १९९५ मध्ये आढळले. सन २०११ मध्ये सगळे जगच ह्या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून समूळ नाहीसा झालेला हा दुसरा रोग होय. हे काम केवळ विद्वानांनी केले नाही. गावोगाव ज्या शेतकऱ्यांनी आपले जनावर टोचून घेतले व रोग न लपविता कळविला, त्यांचाही त्यात वाटा आहे.

कळविणे हे आता कायद्यानेही आपले कर्तव्य आहे. सन २००९ च्या कायद्याप्रमाणे सांसर्गिक रोगाची शंका येताच मालकाने गावच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस वर्दी द्यावयाची, जनावर वेगळे बांधावयाचे आणि ते बाजारात न्यावयाचे नाही. आजारी बैल घाईने विकून टाकणारा आपला तोटा शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन बांधतो. चाकणसारख्या बाजारातून नवे जनावर आणिले तर तेही तीन-चार आठवडे निराळे बांधून, मगच इतरांत मिसळावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकास १९६२ ह्या क्रमांकावर फोन करून बोलाविता येते.

उपदेशकबंधूंस विनंती अशी की, प्रत्येक वाडीतील जनावरांची यादी मे महिन्याच्या आरंभी करावी, पशुवैद्यांस एकच दिवस ठरवून बोलवावे, आणि त्या दिवशी विधवा व एकट्या म्हाताऱ्या माणसांची गुरे धरावयास तरुणांनी जावे. गाव सबंध टोचला गेला तर साथीस पाय ठेवावयास जागा उरत नाही; निम्मा टोचला तर निम्मा गाव भयातच राहतो.

वाचनानंतर विचारावयाचे प्रश्न

१. घटसर्पाची लस पाऊस पडल्यावर घेणे का अपुरे आहे?
२. गरम सूज व थंड सूज ह्यांवरून कोणते दोन रोग ओळखावे?
३. घसा सुजलेल्या जनावरास काढा का पाजू नये?
४. फाशीने मेलेले जनावर का फाडू नये?
५. आजारी जनावर विकणाऱ्याने शेजाऱ्याचे काय नुकसान केले?
६. आपल्या वाडीत ह्या वर्षी न टोचलेली जनावरे किती आहेत, व ती कोणाची?

सहाव्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. ते घरोघर फिरून, मृगाच्या आधी मिळवावे.