ब्रॅड नेलर घेताना

चि. बाळू,

शेडमध्ये कॉम्प्रेसर बसवलास हे ताईकडून कळलं, फार बरं वाटलं. ब्रॅड नेलर कुठला घेऊ असं विचारतोस. दुकानदार किमतीवरून सुरुवात करील. तू तुझ्या कामावरून कर.

तुझं रोजचं काम म्हणजे प्लायच्या कडेला सागवानी पट्टी, बीडिंग, ड्रॉवरचा तळ, कपाटाची पाठ. त्याला १८ गेजच हवं. तार साधारण सव्वा मिलिमीटरची, डोकं नावापुरतं. भोक लांबीने भरलं की पॉलिशखाली शोधावं लागतं. २३ गेजची पिन त्याहून बारीक, बिनडोक्याची. ती नाजूक नक्षी गोंद सुकेपर्यंत जागेवर ठेवील, त्यापलीकडे तिच्यावर भिस्त ठेवू नये. १६ गेज चौकटीच्या जाड पट्टीला चांगलं, पण तोच खिळा १० मिलिमीटरच्या पट्टीच्या टोकाशी मारलास तर पट्टी चिरते. आणि कुठल्याही गेजचा घे, जोड धरतो तो गोंद. गोंद न लावता नुसते खिळे ठोकून पट्ट्या बसवणारे कारागीर वाढलेत, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

आता लांबी. एफ ३० म्हणून मिळते ती गन ३० मिलिमीटरपर्यंतचे खिळे घेते, एफ ५० ही ५० पर्यंत जाते. पट्टीच्या जाडीच्या तिप्पट खिळा असा ठोकताळा आहे, म्हणजे १० च्या पट्टीला ३०. प्लायच्या कडेत तो बरोबर बसतो. पण तीच पट्टी १८ मिलिमीटर प्लायच्या तोंडावर लावताना ३० चा खिळा मारलास, तर त्याचं टोक कपाटाच्या आत दोन मिलिमीटर बाहेर येईल आणि गिऱ्हाइकाची साडी त्यात अडकेल. तिथे २५ चा घे. तुला ड्रॉवरही करायचे आहेत, तेव्हा थोडी जड वाटली तरी एफ ५० घे.

यापुढचं मात्र नीट वाच. काही स्वस्त गनना नाकाची सेफ्टीच नसते. नुसता ट्रिगर ओढला की खिळा हवेत सुटतो. तसली गन फुकट मिळाली तरी घेऊ नकोस. काहींना सेफ्टी असते, पण ट्रिगर दाबून ठेवला की नाक जिथे टेकेल तिथे खिळा बसतो, मग ती मांडी का असेना. तुला हवी ती गन अशी, की आधी नाक दाबायचं, मग ट्रिगर ओढायचा, आणि पुढच्या खिळ्याला दोन्ही सोडून पुन्हा तेच करायचं. अमेरिकेतल्या ओशा आणि नायोश या कामगार-सुरक्षा संस्थांच्या २०११ च्या पुस्तिकेतही हाच ट्रिगर सर्वांत सुरक्षित म्हटला आहे. दुकानातच पारख कर: हवा जोडायला सांग, ट्रिगर आधी ओढून धर आणि मग नाक लाकडाच्या तुकड्यावर टेकव. खिळा सुटला तर गन परत दे.

ब्रॅड खिळ्याचं टोक छिन्नीसारखं कापलेलं असतं. आत कडक रेष किंवा गाठ लागली की तो वळतो आणि बाजूने बाहेर डोकावतो. वळतो तो बहुतेक गनच्या डाव्या नाही तर उजव्या अंगाला. म्हणून कडेत मारताना गन कडेला आडवी धर. मग वळला तरी प्लायच्या लांबीतच राहतो, तोंड फोडून येत नाही. पट्टी धरणारा हात तिथून वीतभर लांब, आणि डोळ्यांवर चष्मा.

खोली कमीजास्त करायचं चाक, नाकाला रबरी टोपी आणि अडकलेला खिळा काढायला खटक्याने उघडणारं नाक, एवढं बघून घे. चार ॲलन स्क्रू काढून जाम सोडवायचा म्हणजे अर्धा दिवस गेलाच.

हवेची चिंता नको. या गनला ६० ते १०० पीएसआय पुरतात, २४ लिटरची टाकी भरपूर झाली. मोठी टाकी लागते ती स्प्रेला. पण आपल्या कोकणातल्या हवेत टाकीत पाणी फार साचतं. पावसाळ्यात रोज संध्याकाळी खालचा कॉक उघडून ते काढ, नाहीतर ते गनमध्ये शिरून आत गंज धरतो. गन ऑइल-फ्री नसेल तर सकाळी हवेच्या तोंडात एअर टूलच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोड. हाताला लागेल ते तेल घालू नकोस, ओ-रिंगा फुगतात. जाम काढण्याआधी पाइप सोडायचाच, घाई असली तरी.

आणि कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजनचा सिलिंडर गनला कधी, कधीही जोडू नकोस. स्फोट होतो. हे तुझ्या हाताखालच्या पोरांनाही आजच सांगून ठेव.

तुझा,
मामा