उडी शिकवणाऱ्यांचे करिअर : डायव्हिंग कोच

‘मुलगा डायव्हिंग छान करतो, पण पुढे काय?’ पालकांचा हा प्रश्न रास्तच आहे. पदकापर्यंत मोजकेच पोचतात. मात्र उडी मारायला शिकवणे हे स्वतंत्र, पूर्णवेळ करिअर होऊ शकते. अमेरिकेतील विद्यापीठांत त्याची घडी चांगली बसलेली आहे. तिथे जलतरण आणि डायव्हिंग मिळून एकच संघ असतो आणि डायव्हरचे गुण संघाच्या बेरजेत धरले जातात. म्हणूनच अनेक विद्यापीठे डायव्हिंगसाठी वेगळा कोच नेमतात.

इंडियाना विद्यापीठाचे उदाहरण पाहा. होबी बिलिंग्स्ली १९५९ पासून १९८९ पर्यंत तिथे डायव्हिंगचे कोच होते. जलतरणाची बाजू जेम्स ‘डॉक’ काउन्सिलमन यांच्याकडे होती. १९६८ ते १९७३ अशी सलग ६ वर्षे इंडियानाने पुरुषांचे राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद जिंकले. आज तिथल्या तलाव संकुलाला दोघांचीही नावे आहेत. बिलिंग्स्ली स्वतः विजेते डायव्हर होते, पण त्यांचे मोठेपण त्यांच्या अभ्यासात आहे. फिरकी कुठून येते, अंग आखडले की वेग का वाढतो, हे त्यांनी न्यूटनच्या नियमांच्या आधारे खेळाडूंना समजावले. त्यांचा विद्यार्थी मार्क लेन्झी शाळेत कुस्ती खेळायचा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्याने ३ मीटर स्प्रिंगबोर्डचे सुवर्णपदक जिंकले.

काम नेमके काय?

१० मीटरवरून उडी घेणारा खेळाडू ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेगाने पाण्यात शिरतो. अंग चुकीचे पडले तर पाणी चांगलेच झोडपते. म्हणून नवी उडी थेट पाण्यावर कोणी शिकवत नाही. आधी ट्रॅम्पोलिन. खेळाडूच्या कमरेला पट्टा, पट्ट्याचे दोर वरच्या कप्पीतून खाली आलेले आणि त्यांची टोके कोचच्या हातात. कोलांटी अर्धवट राहतेय असे दिसताच कोच दोर खेचून त्याला अधांतरी तोलून धरतो. मग फोमवर उतरणारा कोरडा बोर्ड, त्यानंतर तलाव. काही ठिकाणी तळातून हवेचे बुडबुडे सोडून पाणी मऊ केले जाते. पहिल्यांदा उडी घेताना गरगर फिरणाऱ्या खेळाडूला अंग कधी उघडायचे हे उमगत नाही. तेव्हा काठावरचा कोच नेमक्या क्षणी ओरडतो आणि त्या हाकेवर खेळाडू सरळ होतो. ती हाक क्षणभर चुकली तरी मार खेळाडूला बसतो. इतका विश्वास कमवायला महिनोन् महिने लागतात, आणि मुलगी घाबरली असेल तर ‘आज नको’ म्हणायची समजही लागते.

याखेरीज नवे खेळाडू निवडणे, प्रवासाची आखणी, नियमांची कागदपत्रे आणि खेळाडूंच्या अभ्यासावर लक्ष ठेवणे हेही कोचच्याच वाट्याला येते.

वाट कशी असते?

पदवी हवीच. शारीरिक शिक्षण, क्रीडाविज्ञान किंवा मानसशास्त्र असेल तर उत्तम. अमेरिकेत अनेक जण पदव्युत्तर शिक्षण घेता घेता ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ म्हणून संघासोबत काम करतात. काही विद्यापीठे त्याबदली शुल्कात सवलत आणि मानधन देतात. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते, हे हिशेबात धरा.

आपल्याकडे पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था प्रशिक्षकांसाठी पदविका चालवते. प्रवेशापूर्वी त्या वर्षी कोणते खेळ आहेत ते तपासा. पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये डायव्हिंगचे प्रशिक्षण चालते, बालेवाडीलाही डायव्हिंगचा तलाव आहे.

आजपासून काय करता येईल?

दहावी-बारावीत असाल तर आपल्या कोचच्या परवानगीने लहान मुलांच्या सरावात मदत करा. प्रथमोपचार आणि जीवरक्षकाचे प्रशिक्षण घ्या. गुण द्यायला शिका. मोठ्या स्पर्धेत ७ पंच असतात. त्यांचे सर्वांत जास्त २ आणि सर्वांत कमी २ गुण वगळतात, उरलेल्या ३ गुणांची बेरीज करून तिला काठिण्यांकाने गुणतात. म्हणजे ७, ७ आणि ७.५ उरले आणि काठिण्यांक ३ असला, तर ६४.५. तलावाकाठी बसून प्रत्येक उडीला मनात गुण द्या आणि ते पंचांच्या गुणांशी ताडून पाहा. कोचची नजर अशीच घडते.

पालकांशी दोन शब्द

धोका लपवण्यात अर्थ नाही. एका संघाला बहुधा एकच डायव्हिंग कोच लागतो, त्यामुळे जागा थोड्या. संघ बंदही पडतात. आयोवा विद्यापीठाने २०२० मध्ये पुरुषांचा जलतरण आणि डायव्हिंग संघ बंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणूनच पदवीशी तडजोड नको. शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाविज्ञान शिकलेल्या मुलाला शाळेत, फिटनेस क्षेत्रात किंवा दुसऱ्या खेळातही काम मिळू शकते.

आपल्या मुलाला किती पदके मिळाली, यावरून तो कोच होईल की नाही हे ठरवू नका. धाकट्या भावंडाला एखादी गोष्ट चौथ्यांदा समजावताना त्याचा आवाज चढतो का, ते पाहा. समोरच्याला येईपर्यंत तो न वैतागता थांबत असेल, तर त्याच्यात शिक्षक आहे. त्याच्याशी या वाटेबद्दल मोकळेपणाने बोला आणि त्याला कोचच्या हाताखाली एक सुट्टी काढू द्या.